चौदा वर्षांच्या मुलाचा बीएमआय २२.४: शाळा म्हणते जास्त, अ‍ॅप म्हणतं नॉर्मल

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा नववीत, वय १४ वर्षं २ महिने. शाळेच्या फिटनेस कार्डावर उंची ५ फूट, वजन ५२ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २२.४ आणि पुढे शेरा 'वजन जास्त'. तोच आकडा आईने मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये घातला तर उत्तर आलं 'नॉर्मल'. घरी भिंतीला उभं करून मोजली तर उंची १५८ सेंटीमीटर भरली. आजी म्हणते, बाळसं आहे ते, उंची घेतली की आपोआप बारीक होईल. वडिलांना चाळिशीच्या आतच डायबेटिस निघालाय. आणि वर्गात कुणीतरी 'ढोल्या' म्हटल्यापासून मुलाने रात्रीचं जेवण बंद केलंय. खरं कुणाचं मानायचं आणि करायचं काय, असं आईने विचारलंय.

ताई, पहिल्यांदा ते अ‍ॅप बंद करा. १८.५ ते २५ म्हणजे नॉर्मल, हा हिशेब मोठ्या माणसांचा आहे. चौदा वर्षांच्या मुलाला तो लागू होत नाही. अ‍ॅपने तुमच्या मुलाचं वय विचारलं नसेल, किंवा विचारूनही वापरलं नसेल. शाळेने निदान वयाचा तक्ता तरी पाहिला असावा, कारण १४ वर्षांच्या मुलासाठी २२.४ हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर खरंच 'जास्त वजन' या पट्ट्यात पडतो. पण शाळेची गडबड दुसरीकडे आहे, उंचीत.

५२ किलो आणि ५ फूट, म्हणजे १५२.४ सेंटीमीटर. वजनाला उंचीने (मीटरमध्ये) दोनदा भागायचं: ५२ भागिले १.५२४, पुन्हा भागिले १.५२४. उत्तर २२.४. आता उंचीच्या जागी तुमचं घरचं माप घाला, १.५८. उत्तर येतं २०.८. मुलगा तोच, वजन तेच, आणि शेरा बदलला. उंचीने दोनदा भागतो म्हणून तिथली चूक दुप्पट अंगावर येते. वजन किलोभर इकडेतिकडे झालं तर या मुलाच्या बीएमआयमध्ये ०.४ चा फरक पडेल. उंचीतल्या साडेपाच सेंटीमीटरने १.६ चा पडला. शाळेत साठ मुलांची रांग असते, पीटीच्या सरांना तासाभरात सगळं उरकायचं असतं, भिंतीला चिकटवलेल्या पट्टीचा शून्य जमिनीला टेकलेलाच असतो असं नाही, आणि 'पाच फूट' असा गोळाबेरीज आकडा लिहायला सोपा. सरांना दोष देत नाही. पण कार्ड हातात आलं की बीएमआयआधी उंचीचा रकाना बघावा.

तुमचं घरचं माप बरोबर आहे का, तेही तपासून घ्या. बूट-मोजे काढायचे. खाली टाइलची पट्टी (स्कर्टिंग) असलेली भिंत नको, त्या पट्टीमुळे टाचा पुढे येतात. दाराची सपाट चौकट किंवा कपाटाची बाजू चालते. टाचा, कुल्ले आणि पाठीचा वरचा भाग टेकलेला हवा. नजर सरळ समोर. हनुवटी वर उचलली की उंची चुकते, आणि या वयाची मुलं हमखास उचलतात, उंच दिसायला. डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात टेकवायचं, केस दाबून, आणि पुस्तकाच्या खालच्या कडेला पेन्सिलीने खूण. मग जमिनीपासून खुणेपर्यंत स्टीलच्या टेपने मोजायचं, शिवणकामाच्या कापडी टेपने नको, ती जुनी झाली की ताणते. दोनदा मोजा. दोन मापांत अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. शक्यतो दरवेळी सकाळीच मोजा, कारण दिवसभर उभं राहून-बसून संध्याकाळी उंची थोडी कमी भरते.

वयाचंही एक आहे. आपल्याकडे 'पंधरावं लागलं' म्हणतात आणि तोच आकडा फॉर्मवर चढतो. तक्त्याला पूर्ण झालेली वर्षं आणि महिने लागतात. तुमचा मुलगा १४ वर्षं २ महिन्यांचा आहे, पंधराचा नाही. या वयात दर वर्षी तक्त्यातली 'जास्त वजना'ची रेषा जवळजवळ एका अंकाने वर सरकते, त्यामुळे वर्षाची चूक बारीक नाही.

आता तक्ता म्हणजे काय ते बघू. बीएमआयचं सूत्र १८३०च्या दशकातलं, बेल्जियमच्या अडॉल्फ केतले या गणितज्ञाचं. त्याला लठ्ठपणा मोजायचाच नव्हता, माणसांच्या मोठ्या समूहात वजन आणि उंचीचं नातं कसं असतं हे त्याला पाहायचं होतं. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी दिलं, तेही प्रौढ पुरुषांच्या मापांवरून. मोठ्या माणसाची उंची थांबलेली असते, म्हणून त्याला एकच आकडा पुरतो. वाढत्या मुलाचं तसं नाही. पाच-सहा वर्षांच्या वयात बीएमआय सगळ्यात कमी असतो आणि तिथून विशीपर्यंत चढत जातो. हे चढणं निरोगी आहे, हाडं-स्नायू भरतात त्याचं आहे. म्हणून मुलांमध्ये आकडा वयाच्या रेषेवर ठेवूनच वाचायचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलग्यांच्या तक्त्यातले काही आकडे देतो. प्रत्येक ओळीत क्रमाने: याच्या खाली गेला तर फार बारीक, मधली रेषा, याच्या वर जास्त वजन, याच्या वर लठ्ठपणा.

१२ वर्षं पूर्ण: १४.५, १७.५, १९.९, २३.६
१४ वर्षं पूर्ण: १५.५, १९.०, २१.८, २५.९
१६ वर्षं पूर्ण: १६.५, २०.५, २३.५, २७.९
१८ वर्षं पूर्ण: १७.३, २१.७, २४.९, २९.२

एकच आकडा घेऊन बघा, २२. अकरा वर्षांच्या मुलाचा बीएमआय २२ असेल तर तो लठ्ठपणाच्या रेषेला (२२.५) जवळजवळ टेकला आहे, मी त्याला नक्की बोलावून घेईन. चौदाव्या वर्षी २२ म्हणजे जास्त वजनाच्या रेषेवर जेमतेम पाय. सतराव्या वर्षी २२ म्हणजे मधल्या रेषेच्या (२१.१) किंचित वर, काहीही काळजी नाही. घरात दोन भाऊ असतील आणि दोघांचाही बीएमआय २२ असेल, तर एकाला डॉक्टरकडे न्यायचं आणि दुसऱ्याला नाही, असं होऊ शकतं. तुमच्या मुलाचा २०.८ मधल्या रेषेच्या वर पण २१.८ च्या खाली आहे. म्हणजे या तक्त्यावर तो ठीक पट्ट्यात आहे.

इथे थांबता आलं असतं, पण वडिलांचा डायबेटिस तुम्ही लिहिलाय म्हणून पुढे जातो.

भारतीय मुलांसाठी इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, म्हणजे आयएपीने, २०१५ साली ५ ते १८ वर्षांचे वेगळे तक्ते काढले. त्यात बीएमआयच्या वरच्या दोन रेषांना '२३' आणि '२७' अशी नावं आहेत. अठरा पूर्ण होताना त्या रेषा बरोबर २३ आणि २७ ला पोचतात, आणि तिथून मागे प्रत्येक वयाला उतरत येतात. जागतिक तक्त्यात अठराव्या वर्षी 'जास्त वजन' २४.९ ला सुरू होतं, आपल्याकडे २३ ला. रेषा मुद्दाम खाली ठेवलीय. तुमचा मुलगा या तक्त्यावर '२३' च्या रेषेच्या आसपास येईल. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे हा तक्ता असतोच, त्यावर ठिपका मारून घ्या. जाता जाता एक: नववी-दहावीच्या पालकांना पर्सेंटाइल हा शब्द प्रवेश परीक्षांमुळे पाठ असतो, आणि '९० पर्सेंटाइल' ऐकून एका वडिलांचा चेहरा खुलल्याचं मी पाहिलंय. इथे ९० म्हणजे त्या वयाच्या शंभरातल्या नव्वद मुलांपेक्षा बीएमआय जास्त, ते मिळवायचे नसतात.

रेषा खाली का, याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांत याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जो अभ्यास चालवला त्यातही हेच दिसलं: आपली बाळं जन्मतः वजनाला कमी, पण त्यांच्या अंगात स्नायूच्या मानाने चरबी टिकून राहिलेली. दिसायला बारीक, आतून स्निग्ध. हीच मुलं पुढे शहरी खाण्यात आणि बैठ्या दिवसात वाढली की त्यांना डायबेटिस लवकर आणि कमी वजनावर गाठतो. वडिलांना चाळिशीच्या आत निघाला, त्यांचा बीएमआय तेव्हा किती होता ते आठवून बघा. बहुधा फार नसेल.

बीएमआयला चरबी दिसत नाही, वजन दिसतं. हे दोन्ही बाजूंनी फसवतं. तालमीत जाणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, मानेपासून मांडीपर्यंत भरलेला, बीएमआय २५. तक्त्यावर तो 'जास्त वजन'. त्याच्या पोटाला हात लावला तर घट्ट, कंबर ७६. त्याला मी काही सांगत नाही, फक्त रक्तदाब बघून पाठवतो. आणि दिवसभर क्लास-मोबाइल-क्लास असा जगणारा, हात-पाय काटक्यांसारखे पण शर्टाच्या खाली पोट पुढे आलेला मुलगा, बीएमआय १९.५. तक्ता म्हणतो छान. काळजी मला या दुसऱ्याची जास्त वाटते.

म्हणून घरात एक टेप काढाच. कंबर मोजायची ती पँटच्या पट्ट्याच्या जागी नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, यांच्या मधोमध. मुलाला सहज श्वास सोडायला सांगा, पोट आत ओढू देऊ नका, आणि टेप अंगाला टेकेल पण रुतणार नाही इतपत धरा. हा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. तुमच्या मुलाची उंची १५८, म्हणजे ७९ च्या आत. ७२-७३ आली तर मी निश्चिंत. ८२ आली तर बीएमआय २०.८ असूनही मी कामाला लागेन. या एका मापाला ना वयाचा तक्ता लागतो ना अ‍ॅप, आणि तरी शाळेच्या कार्डावर ते सहसा नसतं याचं मला नवल वाटतं.

आता आजींचं म्हणणं. आजी निम्म्या बरोबर आहेत. मुलग्यांमध्ये वयात येण्याच्या आधी, साधारण दहा-बाराच्या सुमाराला, अंग थोडं भरतं. मग उंचीची झेप येते. बहुतेकांत ती तेरा-चौदाच्या आसपास सगळ्यात वेगवान असते, वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटरपर्यंत. याच काळात स्नायू वाढतात आणि चरबीचं प्रमाण उतरतं. मुलींमध्ये उलट, वयात येताना चरबी वाढते, म्हणून बहिणीशी तुलना करू नका. एक हिशेब बघा. बारा वर्षांचा मुलगा, १४८ सेंटीमीटर, ५० किलो, बीएमआय २२.८, म्हणजे जास्त वजनाच्या पट्ट्यात बराच आत. दोन वर्षांत उंची १६४ झाली आणि वजन फक्त चार किलोने वाढून ५४ झालं, तर बीएमआय २०.१. चौदाच्या तक्त्यावर ठीक. एक किलोही कमी न करता. वाढत्या मुलांमध्ये आम्ही बऱ्याचदा हेच मागतो: वजन उतरवू नका, आहे तिथे धरून ठेवा, उंची आपलं काम करेल.

आजी चुकतात कुठे? वजन धरून राहत नाही तिथे. उंची सोळा सेंटीमीटरने वाढली आणि वजन पंचवीस किलोने, तर झेपेचा काही उपयोग नाही. आणि झेप येऊन गेली असेल तर वाट कशाची बघायची? मुलगा त्या झेपेच्या कुठल्या टप्प्यावर आहे, हे वयावरून कळत नाही. नववीच्या एकाच बाकावर एक मिसरूड फुटलेला, आवाज घोगरा झालेला असतो आणि दुसरा अजून पाचवीतला वाटतो. दोघंही निरोगी. मुलग्यांमध्ये वयात येण्याची पहिली खूण मिशी किंवा आवाज नसते, वृषणांचा आकार वाढणं ही असते, आणि ती नऊ ते चौदा या मोठ्या पट्ट्यात कधीही दिसू शकते. आमच्याकडे दोरीत ओवलेल्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या अंडाकृती मण्यांचा संच असतो, १ मिलीपासून २५ मिलीपर्यंत. तपासताना हाताला लागणारा आकार कुठल्या मण्याशी जुळतो ते बघायचं. ४ मिली म्हणजे सुरुवात झाली. मिनिटभराचं काम. पण मुलं संकोचतात, म्हणून आधी समजावून सांगायचं, त्याची परवानगी घ्यायची, आणि आईने बाहेर थांबायचं की आत, हे त्यालाच ठरवू द्यायचं. मुलगा ५-६ मिलीच्या टप्प्यावर असेल तर आजींचं म्हणणं खरं व्हायला भरपूर वाव आहे. २० मिली असेल, तर उंचीकडून फार अपेक्षा नको.

चौदा पूर्ण होऊनही सुरुवातच नसेल तर तो वेगळा विषय, त्यासाठी मात्र दाखवायलाच हवं.

उंचीवरून आणखी एक गोष्ट कळते जी मला फार उपयोगी पडते. जास्त खाऊन-बसून जाड झालेला मुलगा सहसा वयाच्या मानाने उंच असतो. जाड आणि बुटका, किंवा जाड होत चाललाय आणि उंची थांबलीय, असं दिसलं की मग हार्मोनचा विचार करायचा: थायरॉइड, कॉर्टिसोल, किंवा दम्यासाठी-त्वचेसाठी कुणी स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ दिल्यात का. उलट, उंची छान वाढतेय आणि तरी 'थायरॉइड असेल म्हणून जाड झाला' असं म्हणून रिपोर्ट घेऊन येणारे पालक खूप. टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) सहा-सात आलेला असतो. तो बहुतेक वेळा वजनामुळे थोडा वाढलेला असतो, वजन त्याच्यामुळे वाढलेलं नसतं. गोळी सुरू करण्याआधी विचारून घ्या.

आता मानेकडे बघा. मागून, कॉलर खाली करून. मानेच्या घडीत, काखेत त्वचा काळपट, मखमलीसारखी जाड दिसते का? पुष्कळ आया ती मळ समजून घासतात, मुलाला अंघोळ नीट करत नाही म्हणून ओरडतात, दगडाने घासून त्वचा सोललेली मी पाहिलीय. तो मळ नाही. शरीरात इन्शुलिन जास्त तयार होतंय, त्याची ती खूण आहे. तुमच्या घरात डायबेटिस आहे, त्यामुळे ही खूण दिसली किंवा कंबर निम्म्याच्या वर गेली, तर उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आणि लिव्हरसाठी एसजीपीटी इतकं करून घ्या. रक्तदाबही, मुलाच्या दंडाला बसेल अशा पट्ट्याने. तेरा वर्षांनंतर १२० वर ८० किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा मोजायचा. यातलं काही दिसलं नाही तर आत्ता रक्त काढायची घाई नको. आणि झोपेत घोरतो का, ते ऐका. रोज मोठ्याने घोरणारा, दिवसा पेंगणारा मुलगा आळशी असतोच असं नाही.

मुलं स्वतः जे बोलत नाहीत त्याबद्दल दोन शब्द. वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलग्यांना छातीत, निपलच्या मागे, गोळी आल्यासारखं होतं, दुखतंही. ते वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांचं आपोआप जातं. जाड मुलांत त्यावर चरबीही असते. हाच मुलगा मग पोहायला जायचं बंद करतो, उन्हाळ्यात जॅकेट घालतो, पाठीत वाकून चालतो. दुसरी तक्रार आई दबक्या आवाजात सांगते, 'त्याचं जरा लहान वाटतं हो.' अकरा-बारा वर्षांच्या भरलेल्या मुलांत ही नेहमीची. ओटीपोटाच्या चरबीत लिंग बुडालेलं असतं. चरबी बोटाने मागे दाबून पट्टीने मोजलं की जवळजवळ नेहमी व्यवस्थित भरतं. मी ते माप मोठ्याने सांगतो, मुलाला ऐकू जाईल असं. जाहिरातीतलं तेल, गोळ्या, इंजेक्शन काहीही आणू नका.

रात्रीचं जेवण बंद केलंय, ते आजच सुरू करा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२०च्या शिफारशीत १३ ते १५ वर्षांच्या मुलग्याला दिवसाला २८६० कॅलरी आणि सुमारे ४५ ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. मध्यम हालचाल करणाऱ्या मोठ्या पुरुषाच्या जवळपास. उंचीच्या झेपेच्या वेळी उपास म्हणजे स्नायूची आणि हाडाची लूट, चरबीची नव्हे. शिवाय आठ वाजता न जेवलेला मुलगा अकरा वाजता बिस्किटांचा पुडा फोडतो, हे तुम्हाला डब्यांवरून कळलंच असेल. भाकरी किंवा दोन-तीन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, भाजी, ताक. अंडं चालत असेल तर एक-दोन. काढायचं असेल तर पेय काढा: कोल्ड्रिंक, पॅकेटातला ज्यूस, दुधात घालायची चॉकलेटी पावडर, क्लासला जाताना घेतलेलं कोल्ड कॉफीचं ग्लास. वडापावला घरोघरी दोष मिळतो, पण आठवड्यातून एकदा खाल्लेल्या वडापावपेक्षा रोजच्या या गोड पाण्याचा हिशेब मोठा होतो. आणि ते त्याच्या एकट्याचं बंद करू नका. वडिलांनाही तेच पथ्य आहे, ते दोघं मिळून करतील.

खेळ रोज तासभर हवा, घाम येईल असा. दहावीच्या तयारीत सगळ्यात आधी मैदान जातं आणि त्या पाठोपाठ झोप. या वयाला आठ ते दहा तास लागतात. झोप कमी झाली की भूक वाढते, ती नेमकी गोड-तळलेल्याची. क्लास सायकलने जाण्याइतका जवळ असेल तर तेवढं तरी राखा. आणि 'ढोल्या'वरून शाळेत वर्गशिक्षकांशी बोला, मुलाचं नाव पुढे न करता. घरातही मामा-काका गमतीत म्हणतात ते थांबवा, त्यालाच ही मुलं जास्त दुखावतात.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या बाजूच्या पालकांसाठीही लिहायला हवं, कारण देशपातळीवरच्या पोषण सर्वेक्षणात, २०१६ ते २०१८ मधल्या, किशोरवयीनांपैकी साधारण चौथा हिस्सा बारीक निघाला होता, आणि मुलगे मुलींपेक्षा जास्त. जाड निघाले ते पाच टक्क्यांच्या आसपास. बारीक मुलाचा बीएमआय खालच्या रेषेच्या वर असेल, उंची वाढतेय, खातोय, खेळतोय, आणि वडीलही त्या वयात काडीसारखे होते, तर त्याला पावडर नको. उशिरा वयात येणारी मुलं अशीच दिसतात. पण वर्षभरात वजन वाढलंच नाही किंवा उतरलं, तर शोधायला हवं: बारीक ताप-खोकला असेल तर टीबी, सारखं पोट बिघडत असेल तर आतड्याचे आजार, रक्त कमी आहे का. शाळेत मिळणारी निळी लोहाची गोळी घेतोय का, तेही विचारा, दप्तराच्या तळाशी सापडते. आणि खूप तहान, रात्री उठून लघवी, आठवड्याभरात गाल बसले, असं दिसलं तर त्याच दिवशी साखर तपासा, उद्यावर टाकू नका. सोळाव्या वर्षी जिममध्ये भरती होऊन 'मास' वाढवायचे डबे आणणाऱ्यांसाठी: डब्यात बहुतांशी साखर असते, वाढते ती कंबर. जिममध्ये कुणी इंजेक्शन सुचवलं तर ती जिम सोडा. बाहेरचं हार्मोन हाडांची टोकं लवकर बंद करतं आणि उंची तिथेच थांबते.

तुमच्या मुलाचं आता असं करू. उंची, वजन, कंबर आजच्या तारखेने एका वहीत लिहा. पुढचं माप तीन महिन्यांनी, त्याआधी वजनकाटा माळ्यावर. लहानपणीच्या लसीकरणाच्या कार्डावर आणि मागच्या इयत्तांच्या शाळेच्या कार्डांवर जी मापं असतील ती शोधून काढा, चुकीची वाटली तरी, आणि घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. ती सगळी एका तक्त्यावर ठिपक्यांनी मांडली की मुलगा पाचवीपासून एकाच रेषेला धरून चाललाय, की गेल्या दोन वर्षांत रेषा ओलांडत वर आलाय, ते दिसेल. पहिलं असेल तर सहा महिन्यांनी भेटलात तरी चालेल. दुसरं असेल, तर आकडा २०.८ असला तरी वर लिहिलेल्या तपासण्या आत्ता करून घ्या.